राहू द्या, मी करते

कन्हेरीच्या संजीवनीनं आयुष्यात एक मोठी चूक केली आणि ती तिला चांगलीच फळली. आता चूक तिची एकटीची नव्हती म्हणा. ज्या कुणी शहाण्यानं 'ऑक्युपेशनल थेरपी'चं मराठीत 'व्यवसायोपचार' असं बारसं केलं, त्याला बारामतीच्या मंडईत एकदा उभा करून विचारायला पाहिजे, की बाबा रे, व्यवसाय म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला काय आठवतं? पिठाची गिरणी आठवते, शेवयांचं मशीन आठवतं, फार तर ब्यूटी पार्लर. लकवा झालेल्या माणसाला सदऱ्याची बटणं लावायला शिकवायचं, हा कुठल्या गावचा व्यवसाय?

तर झालं असं. भिगवण रस्त्यावरून आत वळलं की एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला पुनर्वसन केंद्र आहे. त्याच्या फाटकावर एक फलक लागला, 'व्यवसायोपचार सहायक, महिलांसाठी प्रशिक्षण'. संजीवनीचा नवरा सुयोग पिकअपमधून फ्लॉवर आणि ढोबळी मिरची मंडईत टाकून परत निघाला होता. त्यानं फलक वाचला तो पिकअपवाले वाचतात तसा, म्हणजे निम्मा. घरी आला आणि ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाला, "संजे, तुझं काम झालं बघ. महिलांना व्यवसाय शिकवत्यात. मसाल्याचं मशीन असणार."

संजीवनीला मशीनचा भारी सोस. पोरं हायस्कूलला गेली होती, सासू-सासरे धडधाकट होते, आणि बाईला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. दुसऱ्या दिवशी चांगली इस्त्रीची साडी नेसून ती केंद्रात हजर झाली. समोर राजनंदिनी मॅडम. वालचंदनगरच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी, पुण्यात शिकून आलेली, तिशीची असेल नसेल, पण नजर अशी की समोरचा आपोआप सरळ बसावा. त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं?"

"मिरची कांडपात हात चांगला हाय माझा," संजीवनी म्हणाली. "काळा मसाला तर सगळी भावकी माझ्याकडनं करून नेती."

मॅडमना हसू आवरेना, म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. पण मनाच्या मोठ्या. बाईला परत धाडलं नाही. म्हणाल्या, "मशीन नाहीये आमच्याकडे. पण आलाच आहात तर बघून जा." आणि तिला आतल्या खोलीच्या काचेपाशी नेलं.

आत एक म्हातारबुवा खुर्चीवर बसून सदऱ्याचं बटण लावत होते. बटण काजापाशी जाई आणि निसटे. परत जाई, परत निसटे. शेजारी उभी असलेली बाई नुसती बघत होती. "अंगावरून वारं गेलंय त्यांच्या," मॅडम म्हणाल्या. "उठणं, अंघोळ, कपडे, जेवण, हाच माणसाचा सगळ्यात मोठा व्यवसाय. तो बंद पडला की आम्ही परत चालू करून देतो. म्हणून हे नाव." एवढ्यात बुवांचं बटण लागलं. त्यांनी मान वर करून इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं की नाही म्हणून. काचेबाहेर संजीवनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

घरी गेल्यावर सुयोगनं विचारलं, "केवढ्याचं मशीन?"

"मशीन न्हाय," ती म्हणाली. "माणसं हायत. मी जाणार."

सुयोगला काही कळलं नाही, पण बायकोचा आवाज कळला. "जा बाई," तो म्हणाला. "सकाळी मंडईला जातोच, तुला सोडीन वाटंत."

आता ही संजीवनी कोण, ते सांगायला पाहिजे. बारावीपर्यंत शिकलेली, पस्तिशीच्या आतबाहेरची, अंगानं काटक, आणि हात म्हणाल तर एका जागी न ठरणारे. गावात कुणाकडं लग्न असो, बारसं असो, दहावं असो, संजीवनी गेली की घरधनीण निर्धास्त. कुणी भांडं उचललं की ही धावलीच, "राहू द्या, मी करते." कुणी म्हातारी उठायला लागली की हिचा हात तिच्या काखेत, "राहू द्या, मी देते." आमच्याकडं याला माया म्हणतात, आणि खरंच आहे ते. दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेणं यापरीस मोठा मान आम्ही माणसाला देत नाही. म्हातारपणी ज्याला पाण्याचा तांब्याही स्वतः उचलावा लागत नाही, त्यानं नशीब काढलं असं समजतात. संजीवनी याच मातीतली, आणि तिला तिचं कौतुकही पुष्कळ झालेलं. पण त्या सगळ्या कौतुकात ती कुणाची तरी सून होती, कुणाची जाऊ होती. हे काम मात्र तिचं होतं, तिच्या नावाचं, आणि ते तिला हवं होतं. लहान पोराला जत्रेतलं खेळणं हवं असतं तितकं हवं होतं.

आणि नेमकी इथंच गोची झाली.

केंद्रात ती आठ-पंधरा दिवसांत सगळ्यांची लाडकी झाली. पेशंट तिची वाट बघत. का बघणार नाहीत? कुणाचा हात सदऱ्याच्या बाहीत अडकला की संजीवनी अलगद ओढून घाली. कुणी कंगवा केसांपर्यंत नेता नेता दमलं की संजीवनी भांग पाडून मोकळी. तिच्याबरोबर शिकणारी सोनल नावाची इंदापूरची मुलगी होती, ती कुजबुजायची, "ताई, मॅडम बघतायत." ही जीभ चावायची, हात मागं घ्यायची आणि पाच मिनिटांनी परत तेच. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

एक दिवस राजनंदिनी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "संजीवनी, तू फार चांगली आहेस. तेच अवघड झालंय."

"चुकलं का मॅडम काही?"

"बटण कुणी लावलं मघाशी, आजोबांनी की तू?"

"त्यांचा हात थरथरत होता हो. किती वेळ..."

"थरथरू दे ना! थरथरतो म्हणजे काम करतोय. तू मध्ये हात घातलास की त्यांचा हात म्हणतो, बरं झालं, आता झोपतो. घरचे तेच करतात, मायेनं करतात, आणि चांगला येणारा हात कायमचा मांडीवर पडून राहतो. आपलं काम काय? त्यांना सोपं करून द्यायचं आणि थांबायचं. थांबणं हेच काम आहे."

संजीवनीला वाटलं, थांबणं हे काय काम झालं? आपल्याकडं थांबणाऱ्या बाईला आळशी म्हणतात.

त्याच सुमारास द्वारकाबाई आल्या.

सणसरच्या बागायतदाराच्या घरातल्या. ऊस, मोठं घर, दारात गाड्या, आणि घरात द्वारकाबाईंचा शब्द शेवटचा. पाच महिन्यांमागं त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं जरा जड झालं पण सावरलं, उजवा हात मात्र राहिला. खांद्यातून थोडा हले, बोटं अर्धीमुर्धी मिटत, पण हात वर म्हणून जाईना. मुलगा अविराज गाडीनं आणून सोडायचा आणि सून रेश्मा दिवसभर पाशी बसायची. रेश्मा गुणाची पोर. सासूचं तोंड पुसणं, पदर सारखा करणं, घास भरवणं, कशात कमी नाही. द्वारकाबाई मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. चार घास झाले की तोंड फिरवायच्या. "पुरं."

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजी, डाव्या हातानं चमचा धरायची सवय करू या. तोवर उजव्याचा व्यायाम चालू ठेवू."

द्वारकाबाईंनी अशी काही मान वळवली की बास. सुंभ जळला तरी पीळ कुठं जातो? "डाव्या हातानं? अन्न खाऊ? त्यापरीस मी उपाशी मरीन."

"आजी, आता तसं काही..."

"डावा हात ताटाला लावायचा न्हाय. माझ्या आईनं शिकवलं न्हाय ते."

रेश्माही म्हणाली, "राहू द्या मॅडम, मी हाय की भरवायला." आणि खरं सांगायचं तर कोपऱ्यात उभी असलेली संजीवनीसुद्धा मनातून द्वारकाबाईंच्याच बाजूची होती. डाव्या हातानं जेवायचं म्हणजे काय, चेष्टा आहे?

उजव्याचा व्यायाम होता तो असा. प्लॅस्टिकचे रंगीत शंकू एकावर एक रचायचे. उजव्या हाताचं मनगट डाव्यानं धरायचं, दोन्ही मिळून शंकू उचलायचा, वर न्यायचा, ठेवायचा. मॅडम रोज करून दाखवत. द्वारकाबाई एक शंकू छातीपर्यंत नेत आणि सोडून देत. "पोरासोरांचे खेळ," म्हणत. "मी काय अंगणवाडीत आलीय?" आणि शंकू पडला की संजीवनी तो उचलून, वर नेऊन, त्यांच्या वतीनं ठेवून द्यायची. पाहिलंत? जित्याची खोड.

मॅडमनी हे पाहिलं आणि त्या दिवशी मात्र त्या चिडल्या. रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही, पण चिडल्या. दुपारच्या जेवणाला त्यांनी संजीवनीला खुर्चीत बसवलं, सोनलच्या ओढणीनं तिचे दोन्ही हात मांडीवर बांधले आणि सोनलला म्हणाल्या, "भरव हिला. हिचाच डबा."

सोनल बिचारी लाजत लाजत भरवायला लागली. संजीवनीला आधी हसूच येत होतं. डब्यात भाकरी, वांग्याचं कालवण आणि ठेचा. तिला पहिला घास ठेच्याचा हवा होता, तर आला वांग्याचा. तो गिळायच्या आत दुसरा ओठाशी आला. मग तिला पाणी हवं होतं, तर भाकरी आली, कोरडी. ओठाच्या कडेला कालवण ओघळलं, ते पुसावं म्हटलं तर हात बांधलेले. सोनलनं पुसलं, मायेनं पुसलं, आणि तरी संजीवनीला कशी कोण जाणे लाज वाटली. हसू कधीच पळालं होतं. निम्मा डबा शिल्लक असताना ती म्हणाली, "पुरं."

म्हणाली आणि स्वतःच दचकली. कारण भूक तर होती.

मॅडमनी हात सोडले. "आता ऐक," त्या म्हणाल्या. "या महिनाअखेरीच्या शनिवारी मी तुझं काम बघणार आहे. द्वारकाआजींचं जेवण. त्यांच्या घरच्यांनीही सांगितलंय, फरक दिसला नाही तर पुढं आणणार नाही. त्या दिवशी त्यांचं एक जरी काम तू केलंस, एक घास जरी उचललास, तर मला सांगावं लागेल की हे शिक्षण तुझ्यासाठी नाही. वॉर्डात मावशी म्हणून तुला आनंदानं घेतील. पण हे नाही."

त्या दिवशी पिकअपमध्ये बसल्यावर संजीवनीनं सुयोगला सगळं सांगितलं. सुयोग गाडी चालवता चालवता म्हणाला, "आयला, काम केलं म्हणून नापास करणारी ही पहिलीच शाळा बघितली." मग तिचं तोंड पाहून त्यानं गाडी हळू केली. थोड्या वेळानं म्हणाला, "तुला जमंल. फक्त हाताला कायतरी काम दी. रिकामे राहिले की वळवळत्यात." यावर ती हसली, पण रडत रडत हसली.

दुसऱ्या दिवशी रेश्मा औषधं आणायला गेली होती तेव्हा संजीवनी द्वारकाबाईंच्या पाशी बसली. शंकू बाजूला सारले आणि विचारलं, "काकी, जेवताना तुमाला पहिला घास कशाचा लागतो?"

द्वारकाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. पाच महिन्यांत असलं कुणी विचारलं नव्हतं. दुखतं का विचारलं, झोप लागली का विचारलं, शौचाला झालं का ते तर दिवसातून दहांदा विचारलं.

"ठेच्याचा," त्या सावकाश म्हणाल्या. "भाकरीच्या पापुद्र्याला ठेचा लावून. मग कालवणात काला. कुस्करून, चांगला मऊ." त्यांनी दाराकडं पाहिलं. "रेश्मा गुणाची हाय. तिला नावं ठिवायची न्हायत मला. पण ती समदं कालवून भरवती. ठेचा लागंल म्हणून देतच न्हाय. मला काय हवंय ते माझ्या तोंडात येतच न्हाय गं. मग मी म्हणते, पुरं."

आणि ज्या बाईपुढं सणसरात गडीमाणसं मान वर करत नसत, ती बाई पोरीसारखी रडायला लागली. संजीवनीनं त्यांचे डोळे पुसायला पदर उचलला होता. अर्ध्यातून खाली ठेवला. द्वारकाबाईंनी आपले डोळे डाव्या हातानं पुसले, जसे यायचे तसे. संजीवनीचं काळीज तुटत होतं, पण ती बसून राहिली. थांबणं म्हणजे आळस नव्हे, हे तिला त्या घटकेला कळलं. अंगातलं सगळं बळ लागतं त्याला.

पण कळून काय उपयोग? हात तर वर जात नव्हता, आणि डावा चालत नव्हता. शनिवार जवळ येत चालला.

गुरुवारी केंद्रात झाडलोट करणाऱ्या प्रयागबाई तांब्याभर तीर्थ आणि डबाभर शिरा घेऊन आल्या. घरी आदल्या दिवशी सत्यनारायण झाला होता. एकेका पेशंटपुढं उभं राहून त्या पळीनं तीर्थ देत होत्या. द्वारकाबाईंपाशी आल्या. संजीवनी शेजारीच होती आणि तिचा हात लगेच पुढं झाला, आजींच्या तळव्याखाली धरायला, नाहीतर तीर्थ सांडेल, पायदळी जाईल, पाप लागेल. आजवर तिनं असंच केलं असतं आणि कुणी नाव ठेवलं नसतं. पण महिनाभराचं बोलणं कुठंतरी मुरलं होतं. तिनं तो हात तसाच मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट गच्च धरून ठेवलं.

द्वारकाबाईंना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला, उजवा हात पुढं केला आणि त्याच्याखाली डावा हात धरला. तीर्थ घेताना धरतात तसाच. जन्मभर जसा धरला तसाच. प्रयागबाईंनी पळी ओतली. डाव्यानं उजव्याला उचललं, आणि तो हात, छातीच्या वर न जाणारा तो हात, ओठांपर्यंत गेला. थोडं तीर्थ मनगटावरून ओघळलं, उरलेलं तोंडात गेलं. आणि मग, तीर्थ घेतल्यावर ओला हात डोक्यावरून फिरवतात ना, तसा तो डोक्यावर गेला. पार डोक्यावर!

"काकी!" संजीवनी ओरडलीच.

"काय गं? दचकले ना मी."

"हात बघा की तुमचा कुठं हाय!"

द्वारकाबाईंनी डोळे वर केले. हात अजून डोक्यावरच होता. त्यांनी तो खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि कुणाचा आहे म्हणून बघावा तसा बघत राहिल्या.

राजनंदिनी मॅडम पलीकडून आल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की नेहमीच्या कडक बाई ओळखू येईनात. "आजी, मी महिनाभर तुम्हाला हेच तर करायला सांगत होते. डाव्यानं उजव्याला उचला."

"तुमच्या शंकूत देव न्हवता ना बाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

मॅडम खो खो हसल्या. मग संजीवनीकडं वळून हळूच म्हणाल्या, "तू हात धरला असतास तर हे आपल्याला कधीच दिसलं नसतं." एवढंच म्हणाल्या, पण संजीवनी दिवसभर जमिनीच्या वीतभर वर चालत होती.

आता एकच अडचण होती आणि तीही संजीवनीनं द्वारकाबाईंच्याच भाषेत मांडली. "काकी, डावा हात ताटाला लावायचा न्हाय, बरोबर हाय. पण तो ताटाला कुठं लागतोय? तो मनगटाला लागतोय. अन्नाला उजवाच." द्वारकाबाईंनी यावर बराच विचार केला, पंचायतीत करतात तसा. शेवटी म्हणाल्या, "व्हय. तसं चालतंय."

शनिवार उजाडला. सकाळी सुयोगनं तिला फाटकाशी सोडलं आणि नुसतं हॉर्न वाजवून गेला. दुपारी टेबल मांडलं. ताट सरकू नये म्हणून संजीवनीनं खाली ओलं फडकं घातलं, ठेच्याची वाटी उजव्या हाताला जवळ ठेवली, भाकरी मांडली, मटकीचं कालवण भाकरीपाशी ठेवलं. सोपं करून द्यायचं ते सगळं करून दिलं. मग समोरच्या खुर्चीवर बसली आणि हात टेबलाखाली घेतले. मॅडम दारात उभ्या होत्या. रेश्मा सासूच्या शेजारी.

द्वारकाबाईंनी मनगट धरलं. उजव्या बोटांनी भाकरीचा पापुद्रा ओढला, तो फाटेना. परत ओढला. तुकडा निघाला, ठेच्याला टेकला, वर निघाला, आणि हनुवटीशी बोटं उघडून मांडीत पडला. फिकट साडीवर हिरवा डाग. दुसरा तुकडा गालाला लागला. रेश्मा अर्धवट उठली. "आत्या, आणा इकडं, मी..." संजीवनीनं टेबलावरून हात लांबवून रेश्माचा हात धरला. तिला थांबवायला धरला, पण खरं म्हणजे स्वतःलाच थांबवायला धरला. दोघींचे हात घामेजले होते. रेश्मा पुटपुटली, "ताई, लोक म्हणतील सून बसून बघत होती."

"म्हणू देत," संजीवनी म्हणाली. आणि तिनं रेश्माचा हात आणखी घट्ट धरला.

तिसरा घास तोंडात गेला.

ठेच्याचा. द्वारकाबाईंनी डोळे मिटले. ठेचा झणझणीत होता, नाकाला पाणी आलं, डोळ्यांना आलं. त्यांनी चावत चावत नुसती मान हलवली. मग भाकरी कालवणात घातली आणि मुठीनं कुस्करायला लागल्या. मूठ कच्ची होती, पण काल्याला पक्की मूठ कशाला लागते? कालवण ताटाबाहेर गेलं, मनगटाला लागलं, बांगड्यांत गेलं. घासामागून घास चालला. निम्मे सांडत होते आणि निम्मे जात होते.

एवढ्यात अविराज आला. आईला न्यायला जरा लवकरच आला होता. दारातूनच त्यानं आईची साडी पाहिली, हनुवटीवरचं कालवण पाहिलं, आणि बाईमाणसं नुसती बसलेली पाहिली. त्याचा पारा चढला. "काय चाललंय हे? आमच्या आईची ही दशा? घरात भरवायला माणसं न्हायत व्हय आमच्या? रेश्मा, उठ! आन् तुमी वो, नुसतं बघत बसायला ठिवलंय का तुमाला हितं?"

हे संजीवनीला होतं. उठावं, आजींचं तोंड पुसावं, दोन घास भरवावे, की मिटलं सगळं. माणसाचा राग मिटेल, लाज मिटेल. आणि तिचं शिक्षणही तिथंच मिटेल. दारातून मॅडम बघत होत्या. संजीवनी जागची हलली नाही. म्हणाली, "दादा, त्या जेवत्यात. जरा थांबा."

"अवो पण..."

"अवी," द्वारकाबाई म्हणाल्या. तोंडातला घास आधी नीट गिळला, मगच बोलल्या. "गप बस. मला जेवू दे. लई दिवसांनी भूक लागलीय."

अविराजनं आईकडं बघितलं. मग आईच्या हाताकडं बघितलं, तो वर जाताना आणि खाली येताना. तो खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. बराच वेळ त्याला बाहेर काहीतरी दिसत होतं.

भाकरी संपली. ताट बोटांनी पुसून झालं. द्वारकाबाईंनी मान वर केली. "अजून हाय का?"

रेश्मानं डबा उघडून पाहिला आणि ती रडायलाच लागली. सासू अर्धीच खाते म्हणून तिनं एकच भाकरी आणली होती. संजीवनी पळत जाऊन आपला डबा घेऊन आली, त्यातली भाकरी ताटात ठेवली, कालवण वाढलं आणि परत समोर बसली.

द्वारकाबाई भाकरीकडं बघत होत्या. "ही तुझी न्हवं? तू जेवलीस?"

"मी खाईन की मागनं. तुमी जेवा."

"माझ्या ताटापुढनं कोण उपाशी उठलेलं न्हाय आजवर," द्वारकाबाई म्हणाल्या. सणसरच्या घरात बोलत असतील तशाच म्हणाल्या.

त्यांनी भाकरी मोडली. मोडायला वेळ लागला. ती मधोमध मोडली नाही, एक तुकडा मोठा झाला आणि एक लहान. मोठा तुकडा त्यांनी उजव्या हातात धरला, डाव्यानं मनगट उचललं आणि हात टेबलावरून संजीवनीकडं निघाला. हात थरथरत होता. मध्यापर्यंत आला आणि थांबला. तुकडा आता पडतो की मग पडतो. संजीवनीनं जरा वाकून हात पुढं केला असता तर मिळाला असता. तिनं हात टेबलाच्या आपल्या कडेला ठेवला, तळवा वर करून, आणि वाट बघितली. द्वारकाबाईंनी श्वास घेतला. हात परत निघाला, ताट ओलांडून, ठेच्याची वाटी ओलांडून, पार पलीकडं आला आणि भाकरी तिच्या तळव्यावर ठेवली.

"खा," द्वारकाबाई म्हणाल्या.

मॅडम दारातून म्हणाल्या, "जेवून आत ये, संजीवनी. सोमवारपासून तुला कुठले पेशंट द्यायचे ते ठरवू."

संजीवनीच्या डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं आणि ते पुसायला कुणी आलं नाही, ते बरंच झालं. तिनं तुकडा ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. समोर द्वारकाबाई आपला काला कुस्करत होत्या. दोघी सावकाश जेवत राहिल्या.